रिकाम्या पुंगळीची पारख

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी कळमना, नागपूर येथील व्याख्यानाचा मजकूर)

कळमना येथील पंडित जवाहरलाल नेहरू बाजार आवारात सकाळच्या वेळी फेरफटका मारणाऱ्याच्या एक गोष्ट सहज ध्यानात येते. येथे मालाला भाव मिळतो तो निवडीनंतर. आंबिया बहाराची संत्री असोत वा मृग बहाराची, ढीग उतरला की लहान, मोठे, डागी, मऊ पडलेले असे फळ वेगळे होते आणि मगच बोलीला जोर चढतो. मिरचीचे तेच. भिवापूर-पवनी भागातील सातऱ्यांवर देठ खुडणाऱ्या स्त्रिया रंग उडालेली फटकी हाताच्या एका हालचालीने बाजूला टाकतात. निवड करणाऱ्याच्या डोळ्यावर आणि बोटांवर साऱ्या व्यवहाराचा विश्वास उभा असतो.

अशीच एक निवड आणखी एका वस्तूची करावी लागते. तिची बोली कोणत्याही धान्यबाजारात होत नाही आणि सामान्य नागरिकाचा तिच्याशी क्वचितच संबंध येतो. ती वस्तू म्हणजे बंदुकीतून गोळी सुटल्यानंतर मागे उरलेले पितळी कवच, पोलिसांच्या पंचनाम्यातली ‘रिकामी पुंगळी’. तिच्या निवडीत चूक झाली तर नुकसान पेटीभर फळांचे होत नाही. एखाद्याचा डोळा जातो, बोटे जातात, क्वचित जीवही जातो. म्हणून हा विषय सैनिक व पोलीस यांच्यापुरता न ठेवता शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनीही समजून घेणे इष्ट आहे.

नागपूर परिसराला तर तो अधिकच जवळचा आहे. कामठीची छावणी शेजारीच आहे. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल केंद्र आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमी तेथेच आहे. शहराच्या पश्चिमेस अंबाझरीची आयुधनिर्माणी, पूर्वेस भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, दक्षिणेस भद्रावतीजवळ चांदा आयुधनिर्माणी आणि वर्धा जिल्ह्यात पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार, असा हा प्रदेश आहे. स्फोटक पदार्थांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचा उगम १८९८ चा असून तिचे मुख्यालयही नागपुरातच आहे.

पुंगळी म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात: पुढे शिशाची किंवा धातूचे आवरण असलेली गोळी, आत दारू, बुडाशी आघाताने पेट घेणारी लहानशी टोपी आणि या तिघांना एकत्र धरून ठेवणारी पुंगळी. १८५७ साली ज्या काडतुसांवरून असंतोष भडकला, त्यांचे वेष्टन कागदाचे होते. ते दाताने तोडून दारू नळीत ओतावी लागे. त्यानंतरच्या दशकात धातूच्या पुंगळीचा वापर वाढला आणि बंदुकीचे तंत्र पालटले. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला, तो याच संक्रमणकाळात.

चांगल्या पुंगळीचे पितळ सामान्यतः सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त या प्रमाणाचे असते. या मिश्रणाची निवड विचारपूर्वक झालेली आहे. ते ताणून, दाबून खोल पेल्यासारखे घडवता येते. शिवाय त्याला लवचीकपणा असतो. घोडा दाबला की टोपी पेटते, टोपीची ज्वाला दारूला लागते आणि क्षणार्धात आत प्रचंड दाब निर्माण होतो. ७.६२ मिलिमीटरच्या सैनिकी रायफलीत हा दाब वातावरणाच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक असतो. मालमोटारीच्या चाकातील हवेचा दाब सात-आठ पटींच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना येईल. त्या दाबाने पुंगळी फुगून बंदुकीच्या कोठीला चिकटते आणि तप्त वायूला मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ देत नाही. दाब उतरताच ती किंचित आकसते आणि सहज बाहेर पडते. म्हणजे पुंगळी हे नुसते वेष्टन नव्हे. प्रत्येक बारीस नेमबाजाच्या डोळ्याचे रक्षण करणारी ती झडप आहे.

यावरून पुढची गोष्ट उघड होते. एकदा हा ताण सोसलेली पुंगळी बाहेरून धडधाकट दिसली तरी ती पूर्वीची राहिलेली नसते. तिच्यात काय बदल झाला आहे हे ओळखणे, हीच तपासणी.

निवडीच्या पायऱ्या

चांदमारीच्या मैदानावर सराव संपला की निवडीचे काम सुरू होते. त्याची पहिली पायरी मोजणीची आहे. जितकी काडतुसे दिली, तितकाच आकडा रिकाम्या पुंगळ्या, न उडालेली काडतुसे आणि परत केलेली काडतुसे यांच्या बेरजेत आला पाहिजे. बेरीज जुळली नाही, तर गवतात कोठेतरी एखादे काडतूस पडलेले आहे किंवा कोणाच्या खिशात आहे. दोन्ही गोष्टी सारख्याच चिंतेच्या होत.

दुसरी पायरी जिवंत आणि रिकामे वेगळे करण्याची. पुढे गोळी बसलेली असेल तर ते काडतूस जिवंतच समजावयाचे. टोपीवर सुईचा खळगा दिसतो म्हणून ते उडून गेले असे मानणे ही घातक चूक आहे. कधी सुईचा आघात हलका पडतो, कधी टोपी दमट असते. अशा वेळी खळगा उमटतो पण दारू तशीच राहते. कधी टोपी पेटूनही दारू क्षणभर उशिरा पेट घेते. म्हणूनच घोडा दाबूनही बार झाला नाही, तर नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून काही काळ थांबण्याचा नियम शिकवला जातो. उलटपक्षी, टोपीवर खळगा नसलेली रिकामी दिसणारी पुंगळी हीही संशयास्पदच. तिची गोळी निघून गेली असली तरी टोपी जिवंत असू शकते आणि तेवढ्या टोपीनेही बोटांना इजा होते.

तिसरी पायरी आकाराची. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या पुंगळीची लांबी १९ मिलिमीटर, ५.५६ च्या रायफलीची ४५, कलाश्निकोव्ह रायफलीची ३९, तर ७.६२ च्या सैनिकी रायफलीची ५१ मिलिमीटर असते. अनेक वर्षे पोलिसांच्या हाती असलेल्या .३०३ रायफलीची पुंगळी तिच्या बुडाच्या बाहेर आलेल्या कडेमुळे लगेच ओळखू येते. ढिगात एक फसवणूक नेहमी घडते, ती म्हणजे लहान वस्तू मोठ्या पुंगळीत शिरून बसते. बारा बोअरच्या रिकाम्या पुंगळीत ९ मिलिमीटरचे अख्खे जिवंत काडतूस सहज मावते. वरून पाहणाऱ्याला एकच रिकामी पुंगळी दिसते. म्हणून जाणता निवडणारा प्रत्येक पुंगळी उपडी करतो, तिच्या तोंडातून आत पाहतो आणि मगच टोपलीत टाकतो. ओंजळीने उचलून पोत्यात भरण्याची सवय या कामात वर्ज्य होय.

चौथी पायरी धातूची. लोहचुंबक फिरवला की पोलादी पुंगळ्या चिकटतात. लाखेचा किंवा तांब्याचा मुलामा दिलेले पोलाद दुरून पितळेसारखे दिसते, पण चुंबक फसत नाही. बारा बोअरची काडतुसे बहुधा कागदी किंवा प्लॅस्टिकच्या नळीची असतात आणि त्यांना फक्त बुडाशी धातूची टोपण असते. त्यांची रास निराळी.

पाचवी पायरी बुडावरील अक्षरांची. पुंगळीच्या बुडावर कारखान्याची खूण आणि बहुधा वर्षाचे आकडे ठोकलेले असतात. खडकीच्या कारखान्याची ‘के. एफ.’ आणि वरणगावच्या आयुधनिर्माणीची ‘ओ. एफ. व्ही.’ ही अक्षरे आपल्याकडे वारंवार आढळतात. एकाच मापाची पण निरनिराळ्या कारखान्यांची पुंगळी भिंतीच्या जाडीत आणि वजनात थोडीफार भिन्न असते. अचूक नेमबाजीत एवढा फरकही मोलाचा ठरतो, म्हणून स्पर्धेतील नेमबाज एका खुणेच्या पुंगळ्या एकत्र ठेवतात.

सहावी पायरी टोपीच्या रचनेची. एका पद्धतीत बुडाच्या मध्यभागी एकच छिद्र असते आणि ज्या ठोकळ्यावर टोपी आपटते तो टोपीतच बसवलेला असतो. दुसऱ्या पद्धतीत तो ठोकळा पुंगळीच्याच अंगचा असून त्याच्या बाजूंना लहान छिद्रे असतात. पहिली पद्धत इंग्रज अधिकारी बॉक्सर याच्या, तर दुसरी अमेरिकन बर्डन याच्या नावाने ओळखली जाते. पहिल्या पद्धतीच्या पुंगळीतील जुनी टोपी सरळ मागून काढता येते, दुसरीतील सहज निघत नाही. जेथे पुंगळ्यांचा पुनर्वापर होतो तेथे या दोहोंची सरमिसळ म्हणजे अवजार मोडणे आणि माल वाया जाणे.

पितळेची दुखणी

यानंतर एकेका पुंगळीचे परीक्षण होते. उजेडाकडे धरून ती बोटांत फिरवली की पुष्कळ दोष आपोआप दिसतात. मानेवर उभी भेग असेल तर पितळ वारंवारच्या ताणाने कडक झाले असे समजावे. अशी पुंगळी बाद. बुडापासून थोड्या वर आडवी, चकाकणारी रेघ दिसली, तर दोष अधिक गंभीर असतो. तेथे भिंत आतून पातळ होत असते आणि पुढच्या बारीस बूड तुटून अलग होण्याचा धोका असतो. हा दोष बाहेरून दिसण्याआधी आतून सापडतो. टोक वाकवलेली बारीक तार आतल्या भिंतीवरून हळूच ओढली की खाचेत अडकते. टोपीभोवती काळा धूर चढलेला असेल तर वायू मागून गळला असे जाणावे. हिरवट थर किंवा लालसर-गुलाबी डाग दिसले तर पितळ गंजून त्यातील जस्त निघून गेले आहे आणि उरलेला धातू भुसभुशीत आहे असे धरावे. यांपैकी कोणत्याही दोषाला डागडुजी नाही. शंका आली की पुंगळी बाद करणे, हाच या विद्येचा पहिला आणि शेवटचा नियम होय.

पितळेच्या एका दुखण्याचा तर भारताच्या पावसाळ्याशी थेट संबंध आहे. ब्रिटिश अमदानीत येथील लष्कराच्या कोठारांतील काडतुसांच्या पुंगळ्या, एकदाही न वापरता, आपोआप तडकत असत. हे पावसाळ्यात घडे, म्हणून त्या भेगांना ऋतूवरून नाव पडले. पावसाळ्यात पुष्कळदा काडतुसे घोड्यांच्या पागेत साठवली जात. पागेतील मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसे आणि घडवताना पुंगळीच्या अंगात राहिलेला ताण त्याला साथ देई. दोहोंच्या संगनमताने धातू कणाकणाच्या सीमेवरून उकलत जाई. १९२१ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी या घटनेची समाधानकारक उपपत्ती मांडली. पुंगळी घडवल्यानंतर ती मर्यादित तपमानावर तापवून अंगातील ताण घालवला, तर भेगा पडत नाहीत, हा त्यावरचा उपाय ठरला. पुढे धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या उदाहरणाला कायमचे स्थान मिळाले. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला आपल्याच देशाच्या पावसाळ्यातून निघालेला याहून चांगला धडा क्वचित सापडेल. व्यवहारातील बोधही सोपा आहे: पितळी वस्तू, मग ती पुंगळी असो वा नळाची तोटी, गोठ्यात किंवा युरियाच्या पोत्यांशेजारी ठेवू नये.

पुन्हा भरणे: कोणाचे काम?

इतकी बारीक तपासणी कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. काडतुसाच्या चार भागांपैकी गोळी, दारू आणि टोपी एकदाच खर्च होतात. पुंगळी मात्र उरते, आणि तिचे पितळ महाग असते. म्हणून अनेक देशांतील नेमबाज तपासलेल्या पुंगळीत नवीन टोपी, दारू व गोळी घालून ती पुन्हा वापरतात. आपल्याकडेही जुन्या काळी शिकारी मंडळी पितळी पुंगळ्या पुन्हा भरून वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकारीचा तो जमाना संपला.

आज आपल्या देशात हे काम घरगुती हौसेचे नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ अन्वये परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे निषिद्ध आहे, तर कलम ३ अन्वये परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगता येत नाही. रानडुकरांच्या उपद्रवामुळे पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना घेतलेल्या शेतकऱ्यानेही हे लक्षात ठेवले पाहिजे. त्याचा परवाना बंदूक व काडतुसे बाळगण्याचा आहे, काडतूस बनवण्याचा नव्हे. गावातील एखादा कारागीर जुन्या पुंगळीत दारू भरून देतो म्हणाला, तर त्यात दुहेरी धोका आहे. कायद्याचा भंग तर आहेच. शिवाय वर सांगितलेल्या दोषांपैकी एकही त्या कारागिराने तपासलेला नसतो. दाब चुकला की बंदुकीची कोठी फुटते, आणि ती फुटते ती नेम धरणाऱ्याच्या गालाजवळ.

रिकामी, निरुपयोगी पुंगळी जवळ असणे आणि काडतूस जवळ असणे यांत कायदा फरक करतो. इतर भागांसह वापरण्याचा हेतू नसलेले दारूगोळ्याचे किरकोळ भाग बाळगण्यास कलम ४५ ने सूट दिली आहे. तरीही शासकीय मैदानावरील पुंगळी ही शासनाची मालमत्ता असते. ती उचलून नेणे म्हणजे सरकारी पितळेची चोरी होय, ही जाणीव असावी. प्रवासाला निघताना पिशवीत विसरून राहिलेले एखादे काडतूस विमानतळावरील तपासणीत सापडले, तर निरपराध माणसालाही पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते.

पुंगळीचे आणखी एक मूल्य न्यायाच्या कामी येते. सुई, कोठी आणि पुंगळी बाहेर फेकणारा खटका हे प्रत्येक बंदुकीचे भाग पितळेवर आपापल्या खुणा उमटवतात. तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली त्या खुणा जुळवून पुंगळी कोणत्या बंदुकीतून उडाली हे तज्ज्ञ सांगू शकतात. अमेरिकेत शिकागो येथील १९२९ च्या हत्याकांडाच्या तपासात हे शास्त्र गाजले. नागपुरातील प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा हे आपल्या विभागातील अशा वैज्ञानिक तपासाचे केंद्र आहे. म्हणून गावात गोळीबाराची घटना घडल्यास जमिनीवरील पुंगळी कुतूहलाने उचलू नये, पुसू नये, जागा बदलू नये. पोलीस येईपर्यंत तिच्याभोवती माणूस उभा करावा. पंच म्हणून सही करणाऱ्या पंचायत सदस्यानेही पुंगळ्यांची संख्या, बुडावरील अक्षरे आणि सापडल्याची जागा पंचनाम्यात नीट उतरली आहे ना, हे डोळ्यांनी पाहूनच सही करावी.

भंगाराच्या ढिगातील धोका

प्रश्नाची खरी धार मात्र भंगाराच्या व्यवहारात आहे. पितळेला भाव आहे आणि गरिबाला चार पैशांची गरज आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की मुले आणि मजूर गोळीबाराच्या मैदानाकडे वळतात. तेथून पोते भंगारवाल्याकडे, भंगारवाल्याकडून गोदामात आणि गोदामातून भट्टीत जाते. या साखळीत निवड कोठेच झाली नाही, तर शेवटी ती भट्टी करते, आणि भट्टीची निवड क्रूर असते.

सुटे काडतूस आगीत पडले तर ते बंदुकीतून सुटल्याप्रमाणे दूर जात नाही. नळीचा आधार नसल्याने पुंगळीच फाटते आणि तिचे धारदार तुकडे चहूकडे उडतात. डोळा जाण्यास तेवढे पुरे. रिकाम्या पुंगळीत पावसाचे पाणी साठले असेल आणि ती तशीच वितळलेल्या पितळेत पडली, तर पाण्याची तत्क्षणी वाफ होऊन तप्त रस उसळतो. भंडाऱ्यासारख्या, पितळी भांड्यांसाठी पिढ्यान्पिढ्या प्रसिद्ध असलेल्या गावातील जुने कारागीर ओली मोड कधी मुशीत टाकत नाहीत, त्यामागचे कारण हेच. म्हणून जेथे पुंगळ्या नियमाने मोडीत काढल्या जातात, तेथे आधी एकेकीची तपासणी होते, मग त्या बंदिस्त भट्टीत तापवल्या जातात किंवा यंत्राने चेपल्या जातात आणि त्यानंतरच त्यांची विक्री होते.

मोठ्या दारूगोळ्याची गोष्ट याहून भयंकर. बंदुकीची पुंगळी उडाली की निरुपद्रवी होते. तोफेचा किंवा रणगाड्याचा गोळा मात्र उडून जमिनीवर पडला तरी फुटलेला असेलच असे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील के. के. रेंजच्या परिसरात भंगार गोळा करताना न फुटलेल्या गोळ्याचा स्फोट होऊन गावकऱ्यांनी प्राण गमावले आहेत. पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी निकामी करण्यासाठी आणलेला जुना दारूगोळा उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत आसपासच्या खेड्यांतून मजुरीला आलेले लोक होते. उत्तर प्रदेशातील साहिबाबाद येथील एका पोलाद कारखान्यात ३० सप्टेंबर २००४ रोजी परदेशातून आलेल्या भंगारातील गोळ्याचा स्फोट होऊन दहा कामगार दगावले. त्यानंतर केंद्र शासनाने भंगाराच्या आयातीचे नियम कडक केले आणि अखंड भंगारासाठी रवानगीपूर्व तपासणीचे प्रमाणपत्र आवश्यक ठरवले.

या साऱ्या घटनांचे तात्पर्य एकच आहे. तपासणी ज्याने करावयाची, त्याच्याकडून ती सुटली आणि तिची किंमत ज्याला त्या मालाची काहीच माहिती नव्हती त्याने मोजली. कळमना येथे संत्र्याच्या ढिगात दोष राहिला तर व्यापारी आणि शेतकरी दुसऱ्या दिवशी हिशेब करू शकतात. येथे दुसरा दिवस मिळतोच असे नाही.

न दिसणारा एक धोकाही सांगितला पाहिजे. टोपीतील मिश्रणात शिशाचे संयुग असते आणि पुष्कळ गोळ्याही शिशाच्या असतात. त्यामुळे उडालेल्या पुंगळीवर आणि चांदमारीच्या धुळीत शिसे राहते. ते श्वासावाटे व हाताला लागून पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा वाईट परिणाम होतो. पुंगळ्या निवडणाऱ्याने हातमोजे घालावेत, काम करताना विडी-तंबाखूला हात लावू नये आणि जेवणापूर्वी साबणाने हात स्वच्छ धुवावेत. शिट्टी म्हणून पुंगळी तोंडात धरणाऱ्या मुलाला तर तत्काळ थांबवावे.

गावाने काय करावे?

या बाबतीत ग्रामपंचायत, शाळा आणि प्रशासन यांची कामे वेगवेगळी असली तरी एकमेकांना पूरक आहेत.

सैन्याच्या क्षेत्रीय गोळीबारासाठी १९३८ चा स्वतंत्र अधिनियम आहे. त्यानुसार क्षेत्र अधिसूचित होते, सरावाची पूर्वसूचना दिली जाते आणि नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद आहे. अशी सूचना आली की ती केवळ फलकावर लावून थांबू नये. ग्रामसभेत वाचावी, दवंडी द्यावी, गुराख्यांना आणि सरपण आणणाऱ्या स्त्रियांना प्रत्यक्ष सांगावी. ज्यांना वाचता येत नाही तेच बहुधा मैदानाच्या कडेला जातात, हे विसरू नये.

शिक्षकांनी वर्षातून एकदा तरी मुलांना तीन वाक्ये शिकवावीत: हात लावू नका, जागेवरून हलवू नका, मोठ्या माणसाला सांगा. पुंगळी रिकामी की भरलेली, हे ठरवण्याचे काम मुलाचे नाही. मुलांना भीती घालून उपयोग होत नाही, कारण कुतूहल भीतीपेक्षा मोठे असते. काडतुसाचे चित्र फळ्यावर काढून त्याचे चार भाग समजावून सांगितले, तर त्याच कुतूहलाचे सावधगिरीत रूपांतर होते.

महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेले पोलीस पाटील हे गाव आणि पोलीस ठाणे यांमधील दुवा आहेत. शेतात, नाल्यात वा भंगारात काडतूस किंवा गोळ्यासारखी वस्तू सापडल्यास त्यांना कळवावे अथवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. पोलीस आवश्यकतेनुसार बॉम्ब शोधक व नाशक पथकास पाचारण करतात. सापडलेली वस्तू पोत्यात घालून ठाण्यात नेण्याचे धाडस कोणी करू नये. शस्त्र अधिनियमाखालील अपराधाची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणे, हे त्याच अधिनियमाच्या कलम ३६ अन्वये नागरिकाचे कर्तव्यच आहे.

भंगार गोदामांच्या मालकांशी स्थानिक संस्थांनी बोलणी करावीत. माल घेताना पोते जमिनीवर पसरून पाहावे, पुंगळी आढळल्यास ती कोठून आली याची चौकशी करावी, बंद तोंडाची कोणतीही वस्तू भट्टीत जाऊ देऊ नये आणि अनोळखी मुलांकडून असा माल विकत घेऊ नये. एवढे पथ्य पाळले तरी मुलांना मैदानाकडे ओढणारा पैसा बंद होईल. निर्बंध आणि पहारा यांपेक्षा हा उपाय अधिक गुणकारी ठरण्याजोगा आहे.

याच्या जोडीला रोजगाराचाही विचार व्हावयास हवा. जीव धोक्यात घालून पितळ वेचणारा माणूस हौसेने ते करीत नाही. मैदानालगतच्या गावांत रोजगार हमीची कामे वेळेवर सुरू राहिली, तर पोते घेऊन पहाटे मैदानाकडे जाणारी पावले थांबतील. अधिकाऱ्यांनी ही कामे मंजूर करताना अशा गावांचा क्रम वर ठेवावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

मित्रहो, रिकामी पुंगळी ही बोटभर वस्तू आहे. पण तिच्यात धातुशास्त्र आहे, कायदा आहे, सरकारी हिशेब आहे आणि एखाद्या मुलाचा डोळाही आहे. चांदमारीवर पुंगळ्या मोजणाऱ्या शिपायाला हे काम कंटाळवाणे वाटत असेल. सातऱ्यावर दिवसभर फटकी वेचणाऱ्या बाईलाही ते वाटतेच. तरी ती एकही मिरची न पाहता पुढे सरकवत नाही, कारण पुढे ती कोणाच्या तरी घरात जाणार असते. पुंगळी निवडणाऱ्यानेही तेवढेच करावयाचे आहे. प्रत्येक पुंगळी हातात घ्यावी, आत पाहावे, शंका आल्यास बाजूला ठेवावी आणि आकडा जुळल्याखेरीज मैदान सोडू नये.